तशरीह

उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो : खालील शेरांची तशरीह करा. तशरीह म्हणजे उलगडून सांगणे, शब्दांच्या पोटात काय दडले आहे ते बाहेर काढून मांडणे. मराठीच्या तासाला हेच काम आम्ही रसग्रहण म्हणून करून घेतो. दोन्ही भाषा एकाच शाळेत शिकवत असल्यामुळे सकाळी तशरीह आणि दुपारी रसग्रहण असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे.

पण या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. हकीम लोकांच्या तोंडी इल्म-ए-तशरीह म्हणजे माणसाचे शरीर आतून कसे आहे त्याचे ज्ञान. मराठीत त्याला शरीररचनाशास्त्र म्हणतात, वैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी. शेर उघडला तरी तशरीह, माणूस उघडला तरी तशरीह. अरबी धातू एकच, शीन-रे-हे : उघडणे, मोकळे करणे. सूरह इन्शिराहचे नाव याच धातूतले. मुले धडा सुरू करण्यापूर्वी हज़रत मूसा (अलै.) यांची जी दुआ म्हणतात, छाती मोकळी होण्याची, तिच्यातही हाच धातू आहे. पंचवीस वर्षे हा शब्द फळ्यावर लिहिताना आमच्यासाठी पहिलाच अर्थ होता. दुसरा अर्थ घरात आला तो भाचीबरोबर.

भाची म्हणजे आमच्या थोरल्या आपाची मुलगी. दुल्हेभाई मरहूम झाल्यापासून दोघी आमच्याकडेच असतात. नीटची परीक्षा तिने दुसऱ्या प्रयत्नात काढली आणि मराठवाड्याबाहेरच्या एका सरकारी महाविद्यालयात तिला एमबीबीएसला जागा मिळाली. खानदानातली पहिली डॉक्टर होणार म्हणून मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा अम्मीने तिच्या आवडीची मुंडी केली होती. तिने ताट पुढे सरकवले. मांसच नको म्हणाली. रात्री आमच्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, "खाला, मेरे से नहीं होता. मैं वापस नहीं जाती."

मग बोलली. एका टेबलाभोवती पंधरा-वीस मुलेमुली. टेबलावर एक पुरुष, साठीचा असावा. फॉर्मेलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येते, ओढणीला, केसांना, हातमोजे काढल्यावर बोटांनाही तोच वास येत राहतो. पण वासाचे काही नाही, त्याची सवय होते. तिला सहन झाले नाही ते त्याचे पाय. टाचांना खोल भेगा होत्या. उन्हातान्हात अनवाणी फिरलेल्या माणसाच्या असतात तशा. "नाना के पाँव जैसे," म्हणाली. त्याचे नाव कोणाला माहीत नाही. बेवारस.

अम्मी दाराशी उभी राहून ऐकत होती हे आम्हाला उशिरा कळले. तिचे म्हणणे थोडक्यात होते : मय्यतीचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखेच आहे, असे हदीसमध्ये आले आहे, मग माझ्या नातीने हे काम करावे का?

हा प्रश्न "शिक्षणासाठी करावेच लागते" म्हणून झटकण्यासारखा नव्हता. अम्मी शाळा शिकलेली नाही, पण तिचा प्रश्न जुना आहे आणि मोठमोठ्यांना पडलेला आहे. आम्ही शास्त्राचे शिक्षक नाही, भाषेचे आहोत. तरी त्या सुट्टीत मिळेल ते वाचत बसलो, आणि जे हाती लागले ते घरात मोठ्याने सांगत गेलो. त्यातलेच काही इथे.

सुरुवात जालीनूसपासून करावी लागते. आपल्या घरांत हकीम जालीनूस हे नाव अजून ऐकू येते. इंग्रजीत तो गेलन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमॉनचा. तरुणपणी गावच्या ग्लॅडिएटर लोकांच्या जखमा बांधायचा, पुढे रोमच्या बादशहांचा तबीब झाला. त्याने इतके लिहिले की पुढची तेराशे वर्षे, बगदादपासून पॅरिसपर्यंत, शरीराबद्दल काही विचारायचे तर त्याची किताब उघडायची. पण त्याच्या काळच्या रोममध्ये माणसाचे प्रेत फाडत नसत. त्याने फाडली ती माकडे, डुकरे, बकऱ्या, बैल. तिथे जे दिसले ते माणसातही तसेच असणार, असे धरून चालला.

ही गोष्ट आपल्या मुलांना समजावणे अगदी सोपे आहे. बकरी ईदला अंगणात उभे राहून ज्या पोराने खाटीकमामूंचे काम पाहिले आहे त्याला कलेजी कुठे, गुर्दे किती, फेफडा हातात घेतला तर स्पंजासारखा कसा लागतो हे पाठ्यपुस्तकाच्या आधी ठाऊक असते. आमच्या वर्गात विज्ञानाच्या शिक्षकांनी हृदयाचे चित्र काढले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, उसमें चार खाने रहते." खरेच असते. पण मुंडी साफ करताना बकऱ्याचा खालचा जबडा पुढून दोन भागांत सुटतो, तसा माणसाचा सुटत नाही. जालीनूसने माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडे सांगितली होती. आणि बकऱ्याच्या मेंदूखाली बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते, ते माणसात नसते. जालीनूसने त्याला अद्भुत जाळे म्हटले आणि माणसाच्या मेंदूची सारी ताकद तिथे तयार होते असे लिहून ठेवले. ज्या गोष्टीवर एवढी इमारत उभी होती, ती माणसाच्या डोक्यात नाहीच!

मग चूक पकडली कोणी? शाळेच्या पुस्तकांत उत्तर असते : युरोपात, प्रबोधनकाळात, वेसालिअसने. उत्तर बरोबर आहे, फक्त त्याच्या आधीचे एक पान गळालेले असते.

अब्दुल लतीफ बगदादी (११६२-१२३१) हे बगदादचे. तबीब, भाषापंडित आणि फिरस्ते. मिसरमध्ये ते तबीबी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. विद्यार्थी तशरीहच्या किताबीपाशी येऊन अडकले. हाडांची वर्णने वाचून काही उलगडा होईना, कारण डोळ्यांना दिसते ते शब्दांत मावत नाही. शिकवणाऱ्या कोणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. नाईल नदीला पूर आला नाही म्हणून १२०० ते १२०२ च्या दरम्यान मिसरमध्ये भयानक दुष्काळ पडला होता. माणसे रस्त्यांवर मेली, त्यांना पुरायला कोणी उरले नाही. काहिराजवळ मक्स नावाच्या ठिकाणी हाडांचा एक मोठा ढीग असल्याचे बगदादींना कळले. ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. खालचा जबडा हातात घेतला, सांधा शोधला. नव्हता. एकच हाड. त्यांनी दोन हजारांहून जास्त कवट्या पाहिल्याचे लिहिले आहे, शिवाय दुसऱ्यांनाही पाहायला लावले. आणि मग लिहिले की जालीनूस कितीही मोठा असला तरी डोळ्यांनी पाहिलेले त्याच्या सांगण्यापेक्षा जास्त भरवशाचे.

अम्मीला आम्ही हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "उनों मय्यताँ काटे क्या?" नाही. त्यांनी कापले नाही, उघड्यावर पडलेली हाडे पाहिली. हा फरक तिने बरोबर पकडला.

दुसरे नाव इब्ने नफीस. दमिश्कचे, कारकीर्द काहिरात, वफात १२८८. शाफई फिक्हचे आलिम आणि तबीबही. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते, असे जालीनूसने सांगितले होते आणि इब्ने सीनांसारख्यांनीही मान्य केले होते. १२४२ च्या सुमारास, इब्ने सीनांच्या किताबीवर टीका लिहिताना इब्ने नफीस यांनी स्पष्ट लिहिले : पडदा जाड आहे, त्यात वाट नाही, रक्त फुप्फुसांत जाऊन तिथे हवेशी मिसळून डावीकडे येते. आज नववी-दहावीचे पोर हेच लिहून गुण मिळवते. आणि त्याच किताबीत ते असेही म्हणतात की शरीअत आणि आपल्या स्वभावातली दया यांच्यामुळे आपण शरीरे फाडण्यापासून दूर राहिलो. त्यांनी खरोखरच कधी फाडले नाही का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हाला त्या वाक्यातली शरीअतपेक्षा दया जास्त लक्षात राहिली. भाचीलाही.

ही टीका पुढे शतकानुशतके नजरेआड राहिली. १९२४ मध्ये मुहिउद्दीन ततावी नावाच्या मिसरच्या तरुण डॉक्टरला तिचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा जगाला पुन्हा कळले.

इथे जरा थांबून आपल्या लोकांशी बोलायचे आहे. मोबाइलवर दर आठवड्याला एक संदेश येतो : सगळे शोध मुसलमानांनी लावले, युरोपने चोरले. वाचून छाती फुगते आणि मग आपण परत झोपतो. खरी गोष्ट इतकी सोपी नाही. बगदादींचे निरीक्षण मिसरच्या वर्णनाच्या एका किताबीत राहिले, तबीबांच्या अभ्यासक्रमात आले नाही. इब्ने नफीस यांचे म्हणणे काही हस्तलिखितांत राहिले. त्यांच्या काही लिखाणाचा लॅटिन तर्जुमा १५४७ मध्ये व्हेनिसला छापला गेला, पण त्यात हा भाग नव्हता. युरोपला तो दुसऱ्या वाटेने कळला की त्यांनी स्वतंत्रपणे शोधला, हा वाद अजून चालू आहे. ज्या गोष्टीचा वाद चालू आहे तिच्यावर चोरीचा आळ घेऊ नये. त्यापेक्षा आम्हाला दुसरेच विचारावेसे वाटते : बगदादींच्या वर्गातून ती हाडे पाहून आलेले विद्यार्थी पुढे शिकवायला बसले तेव्हा त्यांनी जबड्यात हाडे किती सांगितली? की पुन्हा किताबीतली दोनच?

चित्रे आपल्याकडे होती. चौदाव्या शतकाच्या शेवटी शीराझच्या मन्सूर इब्ने इल्यास यांनी फारसीत तशरीहची किताब लिहिली आणि तैमूरच्या नातवाला अर्पण केली. तशरीह-ए-मन्सूरी म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात हाडे, नसा, स्नायू, शिरा, धमन्या यांची पानभर चित्रे आहेत, आणि पोटात बाळ असलेल्या बाईचेही एक. हिंदुस्थानातही तिच्या नकला भरपूर झाल्या. आमचे नाना अंबडला हकिमी करत. त्यांच्याकडे एक उर्दू तशरीहची दगडछापाची किताब होती. त्यातली माणसे बेडकासारखी पाय फाकवून बसलेली असायची, अगदी याच जुन्या चित्रांच्या वळणाची. लहानपणी आम्हाला ती पाहून हसू यायचे. नाना बोट ठेवून नावे म्हणून घेत. डोक्याची कवटी म्हणजे कासा-ए-सर, डोक्याचा कटोरा. गळ्याखालचे हाड म्हणजे हंसली, दागिना घालतो तीच.

आता वेसालिअस. जन्म १५१४, ब्रसेल्स. वडील बादशहाच्या दरबारात औषधे तयार करणारे. पॅरिसला शिकला, आणि १५३७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शिकवायला लागला. तोवर शिकवण्याची रीत अशी होती की प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून जालीनूस वाचून दाखवणार, खाली न्हावी प्रेत कापणार, आणि तिसरा माणूस छडीने दाखवणार. वाचणारा पाहत नव्हता, कापणाऱ्याला वाचता येत नव्हते. वेसालिअस खुर्चीवरून खाली उतरला, सुरी स्वतः घेतली आणि पोरांना जवळ बोलावले. बीएडला आम्हाला कृतीतून शिक्षण यावर लांबलचक टिपण लिहायला लावले होते. त्यात या माणसाचे नाव असायला हवे होते.

सुरुवातीला तोही जालीनूसचाच शागीर्द होता. अद्भुत जाळे माणसात सापडत नसल्यामुळे तो वर्गात बैलाचे नाहीतर कोकराचे डोके शेजारी तयार ठेवायचा आणि त्यात जाळे दाखवायचा. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. आम्हाला हा माणूस त्याच्या शोधांपेक्षा या कबुलीमुळे जास्त आवडला. मग एकेक हाड पुन्हा पाहत गेला. जबडा एकच. छातीचे मधले हाड सात तुकड्यांचे नाही. जाळे नाही. अशा दोनशेच्या वर गोष्टी निघाल्या आणि त्याच्या लक्षात आले की जालीनूस माणसाबद्दल बोलतच नव्हता, तो माकडाबद्दल बोलत होता.

१५४३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात त्याचे पुस्तक छापून निघाले. लॅटिन नावाचा अर्थ मानवी शरीराच्या घडणीविषयी. सात भाग, सहाशेच्या वर मोठी पाने, दोनशेच्या वर चित्रे. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्रांचे लाकडी ठसे इटलीतून आल्प्स डोंगर ओलांडून खेचरांवरून नेले. त्यातला माणूस बेडकासारखा बसलेला नाही, तो उभा आहे, त्याच्यामागे टेकड्या, नदी, गाव आहे आणि पानागणिक त्याचा एकेक थर उतरत जातो. एक सांगाडा थडग्यावर कोपर टेकून समोरच्या कवटीकडे पाहत विचार करत उभा आहे. भाचीच्या मोबाइलवर अम्मीने ते चित्र पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

छापखाना होता म्हणून ते पुस्तक एका ग्रंथालयात गाडले गेले नाही. शेकडो प्रती एकाच वेळी निघाल्या, सगळ्यांत चित्र तेच. नक्कल करणाऱ्याच्या हातून हाड इकडचे तिकडे होण्याची भीती गेली. शिव्या देणारेही निघाले. त्याच्या पॅरिसच्या गुरूने त्याला वेडा ठरवले. पण त्यानंतर रेआल्दो कोलोंबोने १५५९ मध्ये फुप्फुसांतून जाणारे रक्त सांगितले, आणि पादुआलाच शिकलेल्या विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताचा पूर्ण फेरा मांडला.

भाषाशिक्षकाला या इतिहासात एक वेगळेच गुपित सापडते. वेसालिअसच्या सर्वांत आधीच्या पुस्तकांपैकी एक (१५३७) अबू बक्र राझींच्या ग्रंथाच्या एका भागावर आहे, आणि १५४३ च्या पुस्तकात हाडांची अरबी नावेही दिलेली आहेत. डॉक्टर मंडळी मानेच्या मागच्या भागाला जे लॅटिन नाव वापरतात, नूका, ते अरबी नुख़ाअवरून आले; मूळ अर्थ पाठीच्या कण्यातला मगज. डोळ्याच्या पडद्याला रेटिना म्हणतात, म्हणजे जाळ्यासारखा. हा अरबी शबकियाचा लॅटिन तर्जुमा; नानांच्या किताबीत शबकियाच होते. मेंदूवरच्या जाड आवरणाला ड्यूरा मेटर, कडक आई, म्हणतात. अरबीत उम्म म्हणजे आई, तीच लॅटिनमध्ये जशीच्या तशी गेली. भाची ही नावे घोकत होती तेव्हा आम्ही हे सांगितले. "मतलब मैं उर्दूच पढ़ रई," म्हणाली आणि त्या सुट्टीत पहिल्यांदा हसली.

एवढे सगळे खरे. पण अम्मीचा प्रश्न तिथेच होता. कोणाचे शरीर?

बगदादींनी पाहिली ती दुष्काळात मेलेल्यांची हाडे. वेसालिअसने विद्यार्थी असताना लूव्हाँ गावाबाहेरच्या फाशीच्या खांबावरून एका चोराचा सांगाडा रात्री तुकड्यातुकड्यांनी घरी आणला. पादुआत एका न्यायाधीशाने त्याला फाशी गेलेल्यांची प्रेते मिळतील अशी सोय केली. थडग्यांतूनही प्रेते काढली गेली, त्यात बायकांची होती. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तर प्रेतांचा बाजार झाला. १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून शरीरे डॉक्टरांना विकल्याचे उघडकीला आले, आणि मग १८३२ मध्ये तिथे कायदा झाला की ज्यांना कोणी वाली नाही अशांची प्रेते, म्हणजे गरीबखान्यातली, शिकण्यासाठी द्यावीत. श्रीमंताचे शरीर त्या टेबलावर क्वचितच आले असेल.

आपल्याकडे कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये विद्यार्थ्यांसह प्रेताला सुरी लावली, तो दिवस मोठा मानला जातो. शिवाशिवीच्या त्या काळात ते सोपे नव्हते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये आठ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड त्यातले, पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग त्यातले. हिंदू, पारशी, गोव्याचे ख्रिस्ती होते. मुसलमान नाव नाही. मात्र आपला जालना तेव्हा मुंबईकडे नव्हता, निज़ामकडे होता. आणि हैदराबादेत १८४६ मध्येच, चौथे निज़ाम नासिरुद्दौला यांच्या काळात, डॉ. मॅक्लीन या इंग्रज डॉक्टरच्या हाताखाली मेडिकल स्कूल निघाले होते, त्याची भाषा उर्दू. साधारण चाळीस वर्षे तिथे नवी डॉक्टरी उर्दूत शिकवली गेली, आणि पुढे उस्मानिया विद्यापीठाने १९४८ पर्यंत पुन्हा तेच केले. आपल्या आजोबांच्या भाषेत माणसाचे शरीर शिकून डॉक्टर झालेले लोक होऊन गेले, हे आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. "इस ज़बान में क्या होता" असे त्यांना घरूनच ऐकायला मिळालेले असते.

आज आपल्या राज्यात १९४९ चा ॲनाटॉमी कायदा आहे. बेवारस प्रेते ठरलेल्या मुदतीनंतर महाविद्यालयांना देता येतात, आणि कोणी हयातीत लिहून दिले तर त्याचेही देहदान होते. औरंगाबादच्या घाटीत १९५६ पासून मुले शिकत आहेत. आपल्या जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला आधीपासून महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये जालना शहरात सरकारीही सुरू झाले. म्हणजे टेबले वाढली. टेबलावर कोण येणार? आमच्याकडच्या पेपरात आठवड्याला एखादी चौकट असते : स्टॅंडवर, रेल्वे फलाटावर, रस्त्याकडेला अनोळखी इसमाचा मृतदेह, वय अंदाजे, अंगावर अमुक रंगाचा शर्ट. ऊसतोडीला गेलेला, घर सोडलेला, डोक्यावर परिणाम झालेला, म्हातारपणी कोणी न विचारलेला.

मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या मौलानांना आम्ही विचारले. त्यांनी अम्मीला समोर बसवून शांतपणे सांगितले. मय्यतीची हुर्मत आहेच, ती हदीस खरीच आहे. पण जिवंत माणसाचा जीव वाचवण्याची विद्या दुसऱ्या वाटेने येत नसेल तर गरजेपुरती सूट आहे, आणि मक्केतल्या राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये तसा ठरावही केला आहे. अटी आहेत : गरजेइतकेच कापावे, खेळ करू नये, बाईचे शरीर असेल तर शक्यतो बायकांनी पाहावे, आणि शेवटी सारे अवयव दफन व्हावेत. देहदानाचे विचारले तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. हिंदुस्थानातले बरेच उलमा त्याला परवानगी देत नाहीत.

म्हणजे आमच्या मुली दुसऱ्यांच्या शरीरांवर शिकणार आणि आमची शरीरे मात्र आम्ही सांभाळून ठेवणार. हे आम्ही मौलानांना बोलून दाखवले. ते म्हणाले, सवाल वाजवी आहे. त्यापुढे त्यांच्याकडे काही नव्हते आणि आमच्याकडेही नाही. पण निदान एवढे तरी आपल्या हातात आहे असे आम्हाला वाटते की बेवारस म्हणून जाणारा माणूस बेवारस होण्यापूर्वी आपल्या दारावरून गेलेला असतो.

अम्मीने मौलानांचे सगळे ऐकून घेतले आणि भाचीला दोनच गोष्टी विचारल्या. काम झाल्यावर त्याच्या अंगावर काही टाकता का? भाची म्हणाली, रोज. ओल्या कापडाने पूर्ण झाकतात, नाहीतर सुकते. आणि शेवटी त्याचे काय करतात? ते भाचीला माहीत नव्हते. अम्मी म्हणाली, विचारून ये.

ती परत गेली. पहिल्या दिवशी सर्वांनी हात पुढे करून शपथ घेतली होती की टेबलावरचा हा आपला पहिला उस्ताद आहे. त्या वेळी ती मागे उभी होती, आता पुढे उभी राहते असे तिने फोनवर सांगितले. हात आणि खांदा संपला, छाती चालू आहे. फुप्फुस हातात घेतले तेव्हा बकरी ईदची आठवण आली, पण काळे होते, बिडी ओढणाऱ्याचे असावे. हृदयाचा मधला पडदा तिने बोट लावून पाहिला. जाड आहे म्हणाली, कुठेही छिद्र नाही.

विभागातल्या शिपाईमामांना तिने अम्मीचा प्रश्नही विचारला. वर्षअखेरीस जे उरते ते सगळे एकत्र करून अंत्यविधीला नेतात, मुले सहसा येत नाहीत, असे ते म्हणाले. तिने आपल्या टेबलावरच्या मुलांना विचारले आहे. आतापर्यंत सात जण यायला तयार आहेत.